कारण : व्रत

"अक्का, तेव्हा तुम्ही प्रश्न कसा विचारला होता?" दीक्षा कुरणेनं पहिल्याच दिवशी विचारलं, आणि शिवगंगाबाईंना त्यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळेना.

"कसा म्हणजे? छापलेला होता तसा."

"अगदी तसाच? एकही शब्द इकडचा तिकडं नाही?"

"अगं, माणसांशी बोलायचं होतं. उलटतपासणी थोडीच घ्यायची होती?"

दीक्षानं वहीत काहीतरी टिपून घेतलं. ही पोर येताजाता टिपून घेते, हे शिवगंगाबाईंना जरा लागायचं; पण बोलून दाखवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

राजारामपुरीच्या एका गल्लीत, औषधांच्या दुकानावरच्या मजल्यावर डॉ. हंबीरराव इंगवल्यांचं लोकजीवन अभ्यास केंद्र होतं. शिवगंगा शेटे तिथं अठरा वर्षं होत्या. माहेर गडहिंग्लजच्याही पलीकडचं, घरात निम्मं बोलणं कानडी, म्हणून सरांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना अक्का म्हणत. नवरा लवकर गेला. मूलबाळ नाही. पहाटे आंघोळ, कपाळाला विभूती, तळहातावर लिंग घेऊन पूजा, आणि ती झाल्याशिवाय पाण्याचा घोटसुद्धा नाही. सोमवार कडक. श्रावणभर एकभुक्त. या सगळ्याचा गाजावाजा त्यांनी कधी केला नाही. केंद्रातल्या निम्म्या लोकांना तर त्या सोमवारी जेवत नाहीत हेही माहीत नव्हतं.

त्यांचं काम घरोघर जाऊन फॉर्म भरून आणायचं. बाकीचे लोक वस्तीवरून अर्धेमुर्धे फॉर्म घेऊन परत यायचे, कारण बायका आत निघून जायच्या नाहीतर मालक आल्यावर या म्हणायच्या. अक्का मात्र ओसरीवर बसल्या की बायका चूल सोडून त्यांच्याजवळ येऊन बसत. आवाज हळू, डोळ्यांत माया, आणि कुणाच्याही घरचं पाणी नाकारायचं नाही. सर कौतुकानं म्हणायचे, आमच्या अक्कांना दगडसुद्धा उत्तर देतो.

त्र्याण्णव सालच्या श्रावणात त्यांनी माळवाडी केली होती. गडमुडशिंगीच्या वाटेवरची चौसष्ट घरांची वस्ती. माणसं वीटभट्टीवर नाहीतर खडी फोडायला जाणारी. फॉर्मवरचा सतरावा प्रश्न असा होता: काल दिवसभरात किती वेळा जेवण झालं? एकदाच झालं किंवा मुळीच झालं नाही, तर कारण. चौसष्टपैकी एक्केचाळीस घरांतल्या बाया एक वेळ जेवलेल्या निघाल्या, आणि एक्केचाळीस फॉर्मांवर शिवगंगाबाईंच्या टपोऱ्या अक्षरात एकच कारण होतं. व्रत.

त्या एका शब्दावर सरांनी पुस्तक उभं केलं. गरिबाच्या घरातलं चुकलेलं जेवण म्हणजे भूक नव्हे, तो बाईनं स्वतःला घालून घेतलेला नियम असतो, असं त्यात होतं. पुस्तक गाजलं, कॉलेजांत लागलं, पुण्यामुंबईचे लोक सरांना भाषणाला बोलवू लागले. प्रस्तावनेत सरांनी लिहिलं होतं, 'व्रतस्थ वृत्तीच्या श्रीमती शिवगंगा शेटे यांच्याविना हे सत्य हाती लागलं नसतं.' शिवगंगाबाईंनी आयुष्यात स्वतःचं नाव छापलेलं पाहिलं ते तेवढंच. ते पान त्यांना पाठ होतं.

आणि आता, दहा वर्षांनी, केंद्रात डॉक्टरेट करायला आलेल्या दीक्षाला तेच काम पुन्हा करायचं होतं. तीच वस्ती, तोच श्रावण, तेच प्रश्न.

"झालेलंच परत करून कुणाला डॉक्टरेट मिळते का?" सर हसून म्हणाले होते. "काहीतरी नवं काढ."

"सर, केमिस्ट्रीत एकाच्या हाताला जे येतं ते दुसऱ्याच्या हाताला आलं नाही तर कुणी मानत नाही. आपल्याकडं एकदा लिहिलं की झालं. परत कुणी जाऊन बघतच नाही. पुढं हे शास्त्र टिकायचं असेल तर कुणीतरी परत जायला पाहिजे की."

सरांनी थोडा विचार केला. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघायची होती. दहा वर्षांनंतरही निष्कर्ष तोच, असं एक परिशिष्ट जोडता आलं तर वाईट नव्हतं. "जा," ते म्हणाले, "पण अक्कांना बरोबर ने. घरांचे नंबर बदललेत, त्यांच्याशिवाय तुला एक घर सापडायचं नाही."

दीक्षानं अक्कांना वाटेतच सांगून ठेवलं, एसटीतून उतरल्या उतरल्या. "अक्का, राग मानू नका. घर तेवढं दाखवायचं. प्रश्न मी छापलाय तसा वाचणार, आणि उत्तर येईपर्यंत आपण दोघींनी गप्प बसायचं. किती का वेळ लागेना."

"बसते गप्प. मला काय त्याचं?"

पहिलं घर बाळाबाईचं. शनिवार होता. दारात नवा पत्रा, आत भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्धाची तसबीर, खाली प्लास्टिकची फुलं. बाळाबाई साठीची असेल. डोळ्यांवर हात धरून तिनं बघितलं आणि ओळखलं.

"ह्या त्याच बाई न्हवं? विभूतीवाल्या. या की. लई दिसांनी आलासा."

पाणी आलं. शिवगंगाबाई प्याल्या. दीक्षाही प्याली. इकडचं तिकडचं बोलणं झालं, बाळाबाईचा मुलगा जोतीराम आता फौंड्रीत लागलाय, नातू नाही पण नवी सून चांगली आहे, असं. मग दीक्षानं फॉर्म काढला आणि एकेक प्रश्न वाचायला सुरुवात केली. सतरावा आला.

"काल दिवसभरात किती वेळा जेवण झालं? एकदाच झालं किंवा मुळीच झालं नाही, तर कारण."

बाळाबाई काही बोलली नाही. दीक्षा पेन धरून बसली. बाहेर एक कोंबडी कुडावर चढली, उतरली. एवढी लांब शांतता शिवगंगाबाईंना सोसेना. समोरचं माणूस असं अवघडून बसलं की आपण काहीतरी हाताशी द्यावं, ही त्यांची जन्माची सवय. त्यांचे ओठ हललेच, "काल श्रावणातला शुक्रवार..." आणि दीक्षानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

बाळाबाई मात्र शिवगंगाबाईंकडंच बघत होती.

"तुमी सांगा की बाई," ती म्हणाली. "मागल्या टायमाला तुमीच सांगितलासा."

"मी काय सांगितलं?"

"उपास म्हून."

दीक्षानं पेन खाली ठेवलं. "मावशी, आपण बौद्ध. तुम्ही कसला उपास धरला होता?"

"मी कुठला धरतोय," बाळाबाई हसली. तिच्या हसण्यात खोट नव्हती, राग नव्हता. "ह्या बाई आल्या. आमच्या हातचं पानी प्याल्या. तवा हिकडं कोन पीत न्हवतं. मग इचारल्या, काल जेवलासा का. मी गप. चूल पेटली न्हवती, काय सांगू? मग ह्याच म्हनल्या, काल सोमवार, उपास आसंल न्हवं? लई मायेनं म्हनल्या. मी म्हनलं व्हय."

"का पण, मावशी?"

"का म्हंजी? येवढी बाई घरात येऊन बसली. तिला सांगू का, पोटात काय न्हाय म्हून? मग त्ये पानी गेलं आसतं का हिच्या घशाखाली?" तिनं पदर सारखा केला. "आनि आमाला तर बरंच झालं की. उपाशी हाय म्हनायपरास उपास हाय म्हनलं तर मान वर राहती. कुडापलीकडनं धोंडुबाई ऐकत हुती. सांजपतुर साऱ्या वस्तीला ठावं झालं, बाईला काय सांगायचं ते."

शिवगंगाबाईंना ऐकू येत होतं, पण ते दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय असं वाटत होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "तुमची ती सून होती, शालन. तिनंही?"

"तिनं बी." बाळाबाईचं हसू गेलं. "तिला तुमी म्हनलासा, पोटुशी बाईनं उपास धरू ने, फराळाचं तरी खा. ती म्हनली, देवाचं हाय, मोडता येत न्हाय. तुमी गेल्यावर आमी दोघी लई हसलो. फराळ म्हनं." ती थोडी थांबली. "दिवाळीच्या तोंडाला सरकारी दवाखान्यात न्हेली बाळंतपनाला. परत आली न्हाय. पोर बी न्हाय. डागदर म्हनला, अंगात रगतच न्हवतं."

पुढच्या तीन आठवड्यांत दीक्षानं सगळी वस्ती केली. अक्का घर दाखवून बाहेर थांबत. आता बहुतेक घरांत कुणीतरी एमआयडीसीत कामाला होतं, दोन वेळा जेवण होत होतं. ज्यांचं होत नव्हतं ते तसं सांगत होते. व्रताचं कारण पाच फॉर्मांवर आलं. दहा वर्षांपूर्वी एक्केचाळीस, आता पाच.

दीक्षानं आणखी एक गोष्ट शोधून आणली. तालुक्याच्या एका कचेरीत जुनी फाईल होती. त्र्याण्णवच्या हिवाळ्यात माळवाडीला गरोदर बायकांसाठी पूरक आहाराचं केंद्र सुरू व्हायचं होतं. फाईलमध्ये सरांच्या पाहणीचा तक्ता टाचलेला होता, आणि खाली शेरा: सदर वस्तीत उपासमार आढळत नाही, जेवण चुकण्याचं कारण धार्मिक. आहार केंद्र दुसऱ्या वस्तीला गेलं.

सरांनी दीक्षाचे आकडे बघितले आणि त्यांचा चेहरा खुलला.

"हा तर नवाच निष्कर्ष. दहा वर्षांत धर्मश्रद्धा कोसळली. कारखाना आला, व्रत गेलं. यावर लिही."

"सर, व्रत गेलं नाही. व्रत नव्हतंच. तेव्हा उपासमार होती."

"कशावरून?"

"बाया सांगतात."

"दहा वर्षांनी सांगतात. माणसाच्या आठवणीवर शास्त्र उभं राहत नाही, दीक्षा. तेव्हाच्या कागदावर काय आहे ते बघ."

आणि इथं सगळं येऊन अडलं. तेव्हाच्या कागदावर शिवगंगाबाईंचं अक्षर होतं. प्रश्न कसा विचारला हे सरांना मानावं लागेल असं फक्त त्याच सांगू शकत होत्या. दीक्षानं फार आर्जव केलं नाही. ती म्हणाली, "अक्का, तुम्ही लिहून दिलं तर माझा प्रबंध उभा राहतो. नाही दिलं तर सर म्हणतात तेच छापून येईल, माझ्या नावानं. बघा तुम्ही."

शिवगंगाबाईंनी दप्तरखान्यातला त्र्याण्णवचा गठ्ठा काढला. बाळाबाईच्या घराचा फॉर्म मिळायला वेळ लागला नाही. घरातील स्त्रिया दोन. दुसरीचं नाव शालन, वय बावीस, गर्भवती, सातवा महिना. जेवण एक वेळ. कारण, व्रत. त्याच्या कडेला, जिथं काही लिहायचं नसतं तिथं, त्यांनी तेव्हा बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'निष्ठा वाखाणण्याजोगी.'

ते वाचून त्या जाग्यावरच बसल्या. आपण खोटं लिहिलं नाही, हे त्या मनाशी म्हणून बघत होत्या. व्रताच्या बाबतीत कुणी खोटं बोलेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. जन्मात जी गोष्ट आपण सगळ्यांत खरी मानली, तीच आपण त्या बायांच्या तोंडात घातली. बायांनी ती नुसती मान हलवून परत दिली.

दुसऱ्या दिवशी त्या सरांच्या खोलीत गेल्या.

"बसा अक्का. मला कळलंय." सरांनी दार लोटून घेतलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. नवरा गेल्यावर अक्कांना नोकरी त्यांनीच दिली होती, आणि अठरा वर्षांत वावगा शब्द बोलले नव्हते. "तुम्ही खोटं लिहिलेलं नाही. त्या बोलल्या ते लिहिलंत."

"मी बोलले, सर. त्या फक्त व्हय म्हणाल्या."

"असं किती ठिकाणी झालं असेल?"

"सगळीकडंच. मला तसंच बोलता येतं."

"म्हणजे बघा. फक्त माळवाडी नाही. अठरा वर्षांत तुम्ही अकरा पाहण्या केल्यात. हुंड्याची तुमची, देवदासींची तुमची, इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यांची तुमची. तुम्ही एक कागद लिहून दिलात की अकरा पुस्तकं गेली. माझी चारच, बाकी दुसऱ्यांची. त्यावर पोरांनी नोकऱ्या धरल्यात. आणि मिळणार काय? शालन परत येणार आहे?"

शिवगंगाबाई खाली बघत होत्या. "नाही यायची."

"मग?"

"तिच्या नावापुढं देवाचं नाव आहे, सर. ते काढायला पाहिजे."

सरांनी उठून लोटलेलं दार पुन्हा उघडलं. मग म्हणाले, "लिहायचं असेल तर लिहा. मी अडवणार नाही."

सोमवारची पूजा आटोपून शिवगंगाबाईंनी दीड पान लिहिलं. कुणावर ठपका नाही, सरांचं नाव नाही. मी प्रश्न असा विचारला, उत्तराची वाट पाहिली नाही, उत्तर मीच दिलं. खाली सही, तारीख. त्यांनी कागद दीक्षाच्या हातात दिला. दीक्षा वाकून पाया पडली, आणि ते त्यांना मुळीच आवडलं नाही.

प्रबंध तपासणाऱ्या तीन माणसांच्या समितीपुढं तो कागद गेला. दोघं बाहेरून आलेले, तिसरे सर. दीक्षा दोन तास आत होती. बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडावर काहीच नव्हतं.

"काय झालं?"

"मानलं त्यांनी. तुमचा शब्दन् शब्द मानला." ती बाकावर बसली. "म्हणाले, मूळ पाहणी विश्वासार्ह नाही हे बाईंनीच लिहून दिलंय. मग तुलना कशाशी करायची? एक बाजूच राहिली नाही. म्हणून माझंही बाद. विषय बदला म्हणाले."

"आणि पुस्तक?"

"पुस्तक समितीपुढं नव्हतं."

"पण मग ते..."

"अक्का, पुस्तकाची दुसरी आवृत्ती छापखान्यात आहे. मी विचारलं. आपल्या अधिकारातला विषय नाही म्हणाले." ती हसल्यासारखी झाली. "एक ठराव मात्र केला. इथून पुढं झालेल्या पाहण्या पुन्हा करण्याचे प्रस्ताव केंद्र घेणार नाही. त्यातून नवीन ज्ञान निघत नाही म्हणून."

शिवगंगाबाई तिच्या शेजारी बसल्या. काहीतरी हळुवार बोलावं असं नेहमीसारखं ओठांवर आलं. या वेळी त्यांनी ते आवरलं. दीक्षाच पुढं बोलली, अगदी सरळ आवाजात. "तुम्ही खरं सांगितलंत, आणि माझी दोन वर्षं गेली. तुमचा दोष नाही. पण गेली."

तिनं बचत गटांचा विषय घेतला, आणि वर्षभरात तेही सोडून मलकापूरला शाळेत लागली. दुसरी आवृत्ती दिवाळीत आली. मजकुरात काना-मात्रेचा फरक नव्हता. प्रस्तावनेतलं 'श्रीमती शिवगंगा शेटे' तेवढं काढून तिथं 'आमचे क्षेत्रकार्यकर्ते' असं घातलं होतं. अक्कांना कुणी कामावरून काढलं नाही. फक्त वस्तीवर पाठवायचं बंद झालं. त्या दप्तरखाना बघू लागल्या.

पुढच्या मार्चमध्ये जागा अपुरी पडते म्हणून जुने फॉर्म रद्दीत घालायचं ठरलं. यादी करायचं काम दप्तरखान्याचं, म्हणजे अक्कांचंच. पंच्याऐंशी ते पंच्याण्णव, सगळे गठ्ठे. त्यांनी एकेक गठ्ठा बाहेर काढून सुतळी बांधली, यादीवर खूण केली, आणि त्र्याण्णवपाशी आल्यावर सरांकडं जाऊन म्हणाल्या, "यातला एक कागद मी नेऊ का?"

"न्या की," सर म्हणाले. त्यांना ओशाळल्यासारखं झालं असावं. "कोणताही न्या. आता कशाला विचारताय?"

दोन दिवसांनी त्या एकट्याच माळवाडीला गेल्या. बाळाबाई दारात वाळत घातलेल्या गोवऱ्या उलथत होती. तिनं हात धुतले, घोंगडं टाकलं. शिवगंगाबाईंनी पिशवीतून कागद काढला.

"हा शालनचा. केंद्रात होता. आता तुमच्याकडं ठेवा."

बाळाबाईनं तो उलटा धरला, सुलटा केला. "मला कुठं वाचाया येतंय. काय लिवलंय?"

शिवगंगाबाईंनी वाचून दाखवलं. नाव, वय, महिना, जेवण. शेवटचा शब्दही वाचला. कडेची बारीक ओळ मात्र त्यांच्यानं वाचवेना. ती आहे हेही त्या बोलल्या नाहीत.

"त्ये उपासाचं खोडा की," बाळाबाई म्हणाली.

शिवगंगाबाईंनी पेन काढलं. भरलेल्या फॉर्मावर नंतर हात लावायचा नाही, ही त्यांनी स्वतः नव्या पोरांना शिकवलेली पहिली गोष्ट. त्यांनी तो शब्द खोडला आणि वर लिहिलं, घरात अन्न नव्हतं. मग कडेची ओळही खोडली, शाई कागदाच्या मागं उतरेपर्यंत.

"आता काय म्हनतोय कागूद?"

"घरात अन्न नव्हतं, असं."

बाळाबाईनं मान हलवली. कागदाची घडी घालून तिनं ती रेशनकार्डाच्या पिशवीत सारली. मग सहज, कालच्या गोष्टीतलं राहिलेलं विचारावं तसं विचारलं, "आनि बाकीच्यांचं? धोंडुबाईचं? त्या वरच्या अंगाच्या बायांचं? त्येंचं बी खोडलंसा न्हवं?"

शिवगंगाबाईंनी पेनाला टोपण लावलं. रद्दीवाल्याचा टेंपो सकाळीच येऊन गेला होता. व्रत लिहिलेले बाकीचे चाळीस कागद त्यात होते, आणि सर कोणताही न्या म्हणाले होते. त्यांनी मागितला होता तो एकच.

बाळाबाई उत्तराची वाट बघत बसली.